एकलवादक आणि हौशी वाद्यवृंद : येहुदी मेन्युइन यांची १९५२ ची मुंबईभेट

१

कीर्तिमान कलावंत परदेशी नगरात जातो, तेथे त्याचा कार्यक्रम होतो, वृत्तपत्रांत त्याची वाखाणणी होते आणि तो पुढच्या मुक्कामास निघून जातो. अशा प्रसंगाचा इतिहास बहुधा त्या कलावंताच्या चरित्रातील एक परिच्छेद म्हणून लिहिला जातो. त्या रात्री त्याच्या पाठीशी बसून वाजविणारे चाळीस-पन्नास वादक कोण होते, ते एरव्ही कोणता व्यवसाय करीत, त्यांना एकत्र कोणी आणले आणि कलावंत निघून गेल्यावर त्यांचे काय झाले, हे प्रश्न त्या परिच्छेदात उद्भवत नाहीत. वस्तुतः नगराच्या सांस्कृतिक इतिहासाच्या दृष्टीने हेच प्रश्न महत्त्वाचे होत.

विख्यात व्हायोलिनवादक येहुदी मेन्युइन हे १९५२ च्या आरंभी भारतात आले आणि मुंबईत त्यांनी मेहली मेहता यांच्या बाँबे सिंफनी ऑर्केस्ट्रासमवेत वादन केले. हा प्रसंग सामान्यतः दोन कारणांसाठी स्मरला जातो. एक, याच भेटीत मेन्युइन यांचा बी. के. एस. अय्यंगार यांच्याशी परिचय झाला. आणि दुसरे, पुढे जगद्विख्यात झालेले झुबिन मेहता त्या वेळी मुंबईत उमेदवारी करणारे पंधरा-सोळा वर्षांचे विद्यार्थी होते. ही दोन्ही स्मरणे योग्यच आहेत. परंतु त्यांच्या तेजात तो वाद्यवृंद मात्र झाकोळून गेला आहे. पूर्णवेळ वेतनावर उभा नसलेला, हौस, परस्परस्नेह आणि एका माणसाची चिकाटी यांच्या बळावर चाललेला हा वाद्यवृंद एका श्रेष्ठ एकलवादकाची साथ करण्याइतकी उंची गाठू शकला, आणि तरीही त्यानंतर थोड्याच वर्षांत त्याचा आधार नाहीसा झाला. या दोन घटनांची संगती लावणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

२

मेन्युइन यांचा जन्म २२ एप्रिल १९१६ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. त्यांचे बालपण सॅन फ्रान्सिस्को येथे गेले. वयाच्या अकराव्या वर्षी, १९२७ मध्ये, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्यांनी बेथोव्हेनचा व्हायोलिन कॉन्चेर्टो वाजविला. १९२९ मध्ये बर्लिन येथे ब्रूनो वॉल्टर यांच्या संचालनाखाली बाख, बेथोव्हेन आणि ब्राम्स या तिघांच्या रचना त्यांनी एकाच कार्यक्रमात सादर केल्या. १९३२ मध्ये एल्गार यांच्या कॉन्चेर्टोचे ध्वनिमुद्रण त्यांनी खुद्द रचनाकाराच्या संचालनाखाली केले. विलक्षण बुद्धीचा बालकलावंत म्हणून मिळालेली ही कीर्ती दुसऱ्या महायुद्धात वेगळ्या मार्गाने वाढली. युद्धकाळात त्यांनी दोस्त सैन्यांसाठी शेकडो कार्यक्रम केले आणि जुलै १९४५ मध्ये बेंजामिन ब्रिटन यांच्यासमवेत बेर्गेन-बेल्सेन येथील छळछावणीतून वाचलेल्या लोकांपुढे वादन केले. वादनाची बैठक भव्य रंगमंदिरातच असली पाहिजे, किंवा श्रोता दर्दीच असला पाहिजे, असा आग्रह त्यांनी कधी धरला नाही, हे यावरून दिसते.

तथापि, या कीर्तीच्या आत एक अस्वस्थता होती. बालपणी जे उपजत प्रेरणेने साधले होते, ते प्रौढपणी जाणिवेने पुन्हा साधण्याची वेळ त्यांच्यावर आली. युद्धकाळातील अविश्रांत प्रवासाने शरीर थकले होते, आणि धनुष्य धरण्यासारख्या प्राथमिक क्रियांचाही त्यांनी मुळापासून विचार सुरू केला होता. १९५१ मध्ये न्यूझीलंडच्या दौऱ्यात योगासनांवरील एक पुस्तक त्यांच्या हाती पडले आणि त्यांची जिज्ञासा जागी झाली. म्हणजे भारतात आलेला हा कलावंत काही देण्यासाठी जितका आला होता, तितकाच काही शिकण्यासाठीही आला होता.

निमंत्रण पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांचे होते. देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक होत होती आणि अन्नधान्याची टंचाई तीव्र होती. मेन्युइन यांच्या कार्यक्रमांचे उत्पन्न दुष्काळनिवारणाच्या कामी देण्यात आले. परदेशी एकलवादक, पाश्चात्त्य संगीत आणि भारतातील दुष्काळ हा संयोग आज चमत्कारिक वाटेल. परंतु नवस्वतंत्र राष्ट्राला जगाशी जे नाते जोडावयाचे होते, त्याचे स्वरूप या संयोगातून चांगले प्रकट होते.

३

मुंबईत मेन्युइन यांच्या पाठीशी उभा राहिलेला वाद्यवृंद मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये स्थापन केला होता. मेहली मेहता हे १९०८ मध्ये मुंबईत जन्मलेले पारशी व्हायोलिनवादक होत. प्रारंभी अनेक वर्षे ते या वृंदाचे अग्रवादक होते. पुढे त्यांनी संचालनही केले. १९४० मध्ये त्यांनी तंतुवाद्यांचे एक चतुष्टयही उभे केले. १९४५ मध्ये, वयाची पस्तिशी उलटल्यावर, ते इव्हान गॅलामियन यांच्याकडे शिकण्यासाठी न्यूयॉर्कला गेले. पत्नी आणि दोन लहान मुलगे मुंबईत ठेवून त्यांनी काही वर्षे तेथे काढली आणि परत येऊन पुन्हा वाद्यवृंदाच्या कामास वाहून घेतले.

या वाद्यवृंदाची घडण समजून घेण्यासाठी त्याला पाणी पुरविणारे तीन प्रवाह ध्यानात घेतले पाहिजेत. पहिला प्रवाह पारशी समाजाचा. या समाजातील सुखवस्तू कुटुंबांत पियानो आणि व्हायोलिन यांचे शिक्षण हा गृहसंस्कृतीचा भाग झाला होता. दिवसा कचेरीत वा पेढीवर काम करणारे आणि सायंकाळी वाद्य हाती घेणारे हौशी वादक येथून मिळत. तिकिटे घेऊन येणारा श्रोतृवर्ग आणि प्रसंगी लागणारा आश्रयही मुख्यतः याच समाजातून येई.

दुसरा प्रवाह गोव्याचा. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चना जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलेखन वाचण्याचे आणि व्हायोलिन वाजविण्याचे शिक्षण मिळे. प्रार्थनासंगीतासाठी चालविलेल्या या शिक्षणाने शेतकरी आणि कारागीर कुटुंबांतील मुलांच्या हाती एक विद्या दिली. पोटासाठी मुंबईस येऊन धोबीतलाव-माझगाव भागातील गावोगावच्या कुडांत उतरलेल्या गोमंतकीयांपैकी अनेकांनी तिच्यावरच चरितार्थ चालविला. मूकपटांच्या काळी चित्रपटगृहांत, हॉटेलांतील नृत्यवृंदांत आणि १९३१ नंतर बोलपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांत त्यांना काम मिळाले. कागदावरील स्वरलेखन पाहताक्षणी वाजविण्याची त्यांची हातोटी हिंदी चित्रपटसंगीताच्या घडणीचा पाया ठरली. तीच हातोटी सिंफनी वाद्यवृंदासही अपरिहार्य होती.

तिसरा प्रवाह लष्करी बँडचा, विशेषतः नौदलाच्या बँडचा. तंतुवाद्ये घरी शिकता येतात. ओबो, बसून, हॉर्न, ट्रंपेट यांचे तसे नाही. ही वाद्ये महाग, त्यांचे शिक्षक दुर्मीळ, आणि त्यांचा घरगुती उपयोग जवळजवळ नाही. अशा वाद्यांचे पद्धतशीर शिक्षण देणारी यंत्रणा त्या काळी बँडखेरीज अन्य कोणाजवळ नव्हती.

या तिन्हींच्या जोडीला मुंबईतील युरोपीय रहिवासी आणि मध्य युरोपातून आलेले निर्वासित संगीतज्ञ होते. १९३४ मध्ये मुंबईस आलेले वॉल्टर काउफमान हे त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. आकाशवाणीची परिचयधून त्यांच्या नावाशी निगडित आहे. मुंबई नभोवाणी केंद्रावर पाश्चात्त्य संगीताची व्यवस्था त्यांनी अनेक वर्षे पाहिली आणि लहान वाद्यमेळांच्या संगीताची गोडी नगरात रुजविली. परंतु ते १९४६ मध्ये भारत सोडून गेले, आणि १९४७ नंतर युरोपीय रहिवाशांची संख्याही घटली. अशा रीतीने १९५२ चा वाद्यवृंद हा पूर्वीपेक्षा अधिक ‘मुंबईकर’ झाला होता. त्याचा भार पारशी हौस, गोमंतकीय व्यवसाय आणि नाविक शिस्त यांवर होता.

‘हौशी’ हा शब्द येथे थोड्या सावधपणे वापरला पाहिजे. मराठी नाट्यव्यवहारात हौशी संस्था आणि धंदेवाईक मंडळी असा भेद रूढ आहे. या वाद्यवृंदात दोन्ही प्रकारची माणसे एकाच बैठकीवर शेजारी शेजारी बसत. एकाची हौस दिवसभराच्या कामानंतरचा विसावा होती. दुसऱ्याला तीच संध्याकाळ ध्वनिमुद्रणगृहातील किंवा हॉटेलातील मिळकतीतून वजा करावी लागे. संस्थेचे स्वरूप हौशी होते, पण तिची किंमत सर्वांनी सारख्या प्रमाणात मोजली नाही, ही गोष्ट इतिहासकाराने नोंदली पाहिजे.

४

अशा वृंदापुढे थोर एकलवादक येतो तेव्हा नेमकी कोणती कसोटी लागते? भारतीय संगीताच्या अभ्यासकाला ‘साथ’ ही कल्पना परिचित आहे. तबलजी वा सारंगिया मुख्य कलावंताचे मन ओळखून त्याच क्षणी प्रतिसाद देतो. त्याच्यापुढे लिहिलेले असे काही नसते. कॉन्चेर्टोमधील साथ मूलतः भिन्न आहे. येथे प्रत्येक वादकापुढे त्याचा स्वर, त्याची मात्रा आणि त्याचे मौनही लिहिलेले असते. परंतु एकलवादक हा यंत्र नव्हे. तो एखाद्या स्वरावर किंचित रेंगाळतो, एखादी ओळ पुढे ओढतो. आणि त्या रेंगाळण्याबरोबर पन्नास माणसांनी एकाच वेळी रेंगाळावे लागते. हे काम संचालकाच्या मध्यस्थीने होते. संचालकाचे कान एकलवादकाकडे आणि हात वृंदाकडे असतात. ज्या वृंदाला रोज एकत्र वाजविण्याची सवय आहे, त्याला हे सहज जमते. आठवड्यातून एक-दोन सायंकाळी जमणाऱ्या वृंदाला ते प्रत्येक वेळी नव्याने कमवावे लागते.

याहून सूक्ष्म अडचण वाद्यांच्या वाटणीची आहे. मेन्युइन यांचे नाव ज्या दोन रचनांशी बालपणापासून जोडले गेले, त्यांचेच उदाहरण घेता येईल. बेथोव्हेनच्या कॉन्चेर्टोचा आरंभ टिंपनीच्या हलक्या ठोक्यांनी होतो आणि पहिली सुरावट काष्ठवाद्ये छेडतात. व्हायोलिनवादक त्यानंतर बराच वेळ स्तब्ध उभा असतो. ब्राम्सच्या कॉन्चेर्टोच्या दुसऱ्या भागात ओबोचे प्रदीर्घ गान संपल्यावरच एकलवादकाचा प्रवेश होतो. म्हणजे ज्या क्षणी श्रोते थोर वादकाची वाट पाहत असतात, त्या क्षणी सर्व भार वृंदातील एखाद्या अनाम फुंकवाद्य वादकावर असतो. युरोपातील मोठ्या वाद्यवृंदात त्या जागी आयुष्यभर तेच वाद्य वाजविलेला मनुष्य बसतो. मुंबईत त्या जागेसाठी नौदलाच्या बँडकडे वादक मागावा लागे. हौशी वृंदाचे दौर्बल्य बहुधा त्याच्या व्हायोलिनांत नसून या एकाकी जागांत असते.

म्हणूनच अशा कार्यक्रमाचा खरा इतिहास तालमीत घडतो. मेन्युइन यांच्या आगमनापूर्वी वृंदाची तयारी करवून घेण्याचे काम मेहली मेहता यांच्याकडे होते. एकलवादक शेवटच्या क्षणी येणार, त्याआधी वृंदाला त्याच्या भागाची ओळख व्हावी कशी? मेहली मेहता स्वतः व्हायोलिनवादक असल्याने एकलवादकाची जागा त्यांनी घेतली आणि संचालनाची कांडी पौगंडवयीन झुबिनच्या हाती आली. पुढे जगातील श्रेष्ठ वाद्यवृंदांचे संचालन करणाऱ्या या कलावंताच्या घडणीत त्या तालमींना महत्त्वाचे स्थान आहे. ही घटना चरित्रकारांनी कौतुकाने सांगितली आहे. पण तिचा दुसरा अर्थही आहे. शालेय वयाच्या मुलाला वाद्यवृंदापुढे उभे करण्याची वेळ आली ती दुसरा संचालक उपलब्ध नव्हता म्हणून. सधन संस्थेत हे काम एखाद्या पगारी साहाय्यकाने केले असते. मनुष्यबळाची उणीव येथे एका प्रतिभेची शाळा ठरली, हे खरे. परंतु उणीव ती उणीवच.

याच वर्षी मुंबईतील दुसऱ्या एका वाद्यवृंदाची स्थिती पाहणे उद्बोधक ठरेल. १९५२ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘आन’ या चित्रपटासाठी संगीतदिग्दर्शक नौशाद यांनी सुमारे शंभर वादकांचा ताफा वापरल्याचे नोंदले जाते. तो आकडा शब्दशः घेतला नाही, तरी एक गोष्ट निर्विवाद आहे. मोठा वाद्यवृंद जमविण्याचे द्रव्य आणि वादक मुंबईत होते; ते चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणगृहात होते. दारूबंदीमुळे हॉटेलांतील नृत्यवृंदांची मिळकत आखडल्यावर गोमंतकीय वादकांचा ओढा त्या दिशेने अधिकच वाढला. सिंफनी वाद्यवृंद ज्यांच्या जिवावर उभा होता, त्यांच्या वेळेसाठी एक समर्थ प्रतिस्पर्धी निर्माण झाला होता, आणि त्याच्याशी तुल्यबळ होईल असे वेतन देणारी कोणतीही संस्था सिंफनीच्या पाठीशी नव्हती.

५

या भेटीतून मेन्युइन यांनी काय नेले, हे सुविदित आहे. मुंबईत अय्यंगार यांच्याशी ठरलेली पाच मिनिटांची भेट लांबत गेली आणि त्यातून आयुष्यभराचे गुरुशिष्यत्व निर्माण झाले. १९५४ मध्ये मेन्युइन यांनी अय्यंगारांना स्वित्झर्लंडला बोलावून घेतले आणि ‘माझ्या सर्वोत्तम व्हायोलिनशिक्षकास’ अशा आशयाचा मजकूर कोरलेले घड्याळ त्यांना भेट दिले. पुण्यात राहून शिकविणाऱ्या एका योगाचार्याची विद्या पश्चिमेत पोहोचली ती बव्हंशी या मार्गाने. १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘लाइट ऑन योगा’ या ग्रंथास प्रस्तावना मेन्युइन यांचीच आहे. दिल्लीत त्यांनी रविशंकरांचे वादन ऐकले. १९५५ मध्ये अली अकबर खाँ यांचा न्यूयॉर्क येथील कार्यक्रम त्यांच्या पुढाकाराने झाला आणि १९६६-६७ मध्ये रविशंकरांसमवेत त्यांनी केलेले वादन व ध्वनिमुद्रण जगभर गाजले. १९६८ चा नेहरू पुरस्कार त्यांना मिळाला, तो या देवघेवीची पोच म्हणून योग्यच होता.

वाद्यवृंदाच्या वाट्यास काय आले, हे पाहू गेल्यास चित्र पालटते. १९५४ मध्ये झुबिन मेहता शिक्षणासाठी व्हिएन्नाला गेले. १९५५ मध्ये मेहली मेहता यांनीही मुंबई सोडली आणि मँचेस्टर येथील हॅले वाद्यवृंदात जॉन बार्बिरोली यांच्या हाताखाली साहाय्यक अग्रवादकाची जागा स्वीकारली. स्वतःच्या नगरात संस्थापक आणि संचालक असलेला मनुष्य परक्या देशात दुय्यम जागेवर बसण्यास तयार होतो, यावरून मुंबईत या कार्याचे भवितव्य त्याला कसे दिसत होते हे कळते. हॅलेमधील वादकाला वेतन होते, रोजची तालीम होती आणि त्याच्या शेजारी ओबो वाजविणारा मनुष्य केवळ ओबोच वाजवीत होता. मेहली मेहता १९५९ मध्ये फिलाडेल्फियास आणि १९६४ मध्ये लॉस एंजेलिस येथे गेले. तेथे त्यांनी तरुण वादकांचा जो वाद्यवृंद उभारला, त्याचे नेतृत्व त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ केले. हौशी आणि शिकाऊ वादकांना घडविण्याचे जे कौशल्य मुंबईत कमावले, त्याचे पूर्ण फळ कॅलिफोर्नियास मिळाले.

मुंबईत परंपरा सर्वस्वी खंडित झाली असे मात्र नाही. १९५८ मध्ये चित्रपटसृष्टीतील गोमंतकीय व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांनी भारतीय आणि पाश्चात्त्य पद्धतींचा मेळ घालणारा मोठा वाद्यवृंद उभारण्याचा प्रयत्न केला. १९६२ मध्ये जिनी दिनशॉ यांनी बाँबे चेंबर ऑर्केस्ट्रा स्थापन केला आणि हौशी वृंदाची ज्योत दीर्घकाळ तेवत ठेवली. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय प्रयोगकला केंद्राने, म्हणजे एनसीपीएने, २००६ मध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा वेतनभोगी वाद्यवृंद निर्माण केला. मेहली मेहतांना ज्या आर्थिक पाठबळाची उणीव भासली, ते येथे होते. परंतु आरंभी या वृंदातील बहुसंख्य वादक परदेशांतून, विशेषतः कझाकस्तानातून, आणावे लागले, आणि त्याच्या उभारणीत कझाक व्हायोलिनवादक मराट बिसेनगालिएव्ह यांचा मोठा वाटा होता. १९५२ मध्ये एकलवादक बाहेरून आला होता आणि वृंद नगराचा होता. २००६ मध्ये वृंदच मोठ्या अंशी बाहेरून आला. अर्धशतकाच्या अंतराने द्रव्याचा प्रश्न सुटला, शिक्षणाचा तसाच राहिला. १९९५ मध्ये मुंबईत स्थापन झालेली मेहली मेहता यांच्या नावाची संस्था मुलांच्या संगीतशिक्षणाचे कार्य हाती घेते, यामागेही हीच जाणीव असावी.

६

या विवेचनातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, १९५२ चा कार्यक्रम ही पाश्चात्त्य संस्कृतीची आयात केलेली चैन होती, हे मत टिकणारे नाही. बार्देश-सासष्टीतील चर्चच्या शाळा, पारशी घरांतील पियानो, नौदलाचा बँड आणि दादर-अंधेरीकडील ध्वनिमुद्रणगृहे यांच्या मिलाफातून तो वाद्यवृंद उभा राहिला होता. एवढ्या भिन्न समाजांची माणसे एका ठेक्यावर वाजविण्यासाठी एकत्र बसत, हे मुंबई नगराच्या सामाजिक इतिहासातील एक महत्त्वाचे प्रमाण मानले पाहिजे.

दुसरा निष्कर्ष कटू आहे. थोर एकलवादकाची भेट हौशी वृंदाला त्याच्या शक्तीची जाणीव करून देते, तशीच त्याच्या मर्यादेचीही. त्या एका रात्रीसाठी सर्वजण वेळ काढतात, तालमी वाढवितात, उसनी माणसे आणतात, आणि वृंद आपल्या नित्याच्या उंचीपेक्षा वर चढतो. दुसऱ्या दिवशी ती उंची टिकविण्यास जी यंत्रणा लागते, ती पाहुण्याला आपल्याबरोबर आणता येत नाही. ती यजमानांनीच उभारावी लागते. मुंबईने मेन्युइन यांचे स्वागत मनःपूर्वक केले. त्यांच्या पाठीशी बसलेल्यांना कायमची बैठक देणे मात्र त्या वेळी नगराला साधले नाही, आणि ज्याने ती बैठक वीस वर्षे स्वतःच्या खांद्यावर पेलली होती, तो तीन वर्षांनी दुसऱ्याच्या बैठकीवर जाऊन बसला.